चोर सोडून संन्याशाला फाशी

सोसण्याचे बाळकडू माणदेशाला वेगळे पाजावे लागत नाही. पावसाने पाठ फिरवावी आणि माणसाने मेंढरे घेऊन, कोयता घेऊन किंवा सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन परमुलुखाची वाट धरावी, ही आटपाडी तालुक्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी आहे. टेंभूचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पण सोसण्याचे कौतुक करण्याची सवय काही गेली नाही. मात्र, सोसणे हा गुण असला तरी दुसऱ्याला सोसायला लावणे हा गुण खचितच नव्हे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोगी रात्ररात्र कण्हत असतो आणि 'आता सारे देवाच्या हाती' असे सांगून त्याला घरी धाडले जाते, तेव्हा रोगापुढे वैद्यकशास्त्र हरलेले असते हे खरे. परंतु वेदनेपुढे ते हरलेले नसते. तेथे हरलेली असते ती आपली व्यवस्था.

अफूच्या चिकापासून मिळणारे मॉर्फिन हे या वेदनेवरचे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध होय. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी उपचारांची जी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. साधी गोळी, दर चार तासांनी, तोंडावाटे घ्यायची. त्यासाठी अतिदक्षता विभाग लागत नाही. बद्धकोष्ठ होते, सुरुवातीस मळमळते, पण त्यांवर उपाय आहेत. जाणत्या डॉक्टरने बेताबेताने मात्रा वाढवली, तर माणूस गुंगीत पडून राहत नाही. उलट तो उठून बसतो, चार घास खातो, नातवंडांशी बोलतो.

मग हे औषध खेड्यापर्यंत का पोहोचत नाही? 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. हेतू चांगला होता; परंतु परवान्यांचे जंजाळ आणि कठोर शिक्षेची धास्ती यांमुळे दवाखान्यांनी व औषध दुकानदारांनी मॉर्फिनला हात लावणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. नीमच आणि गाझीपूर येथे ज्याच्या सरकारी अफू कारखान्यांत माल तयार होतो, जो देश औषधासाठी जगाला अफू पुरवतो, त्याच देशातील रोग्यांच्या वाट्याला गरजेच्या अवघे चार टक्के औषध येते, असा हिशेब 2017 साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने मांडला. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण दुष्काळी भागास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

2014 साली संसदेने ही चूक सुधारली. मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवण्याची वाट सोपी करण्यात आली. कायद्याची गाठ सुटली. मनातली गाठ मात्र कायम राहिली. केरळने ती आधीच सोडवली होती. कोझिकोड येथे 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. तेथे दोन वर्षांत सतराशेहून अधिक रोग्यांना घरी घेण्यासाठी मॉर्फिन देण्यात आले आणि त्यात गैरवापराचे किंवा चोरवाटेने विक्रीचे एकही प्रकरण आढळले नाही, हे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून जगापुढे आले.

याचा अर्थ अफूवर्गीय औषधे निरुपद्रवी आहेत, असा कोणी काढू नये. गिरणगावातील कष्टकरी माता कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवीत, त्याचे दुष्परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. अमेरिकेत 1996 नंतर औषध कंपन्यांच्या प्रचाराला भुलून साध्यासुध्या दुखण्यांवरही या वर्गातील गोळ्यांची खैरात झाली. त्या व्यसनाची वाट पुढे हेरॉइन व चोरट्या फेंटानिलकडे गेली आणि 2021 या एका वर्षात तेथे ऐंशी हजारांहून अधिक माणसे अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने दगावली. आपणही फार दूर नाही. पालघरच्या एका कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या टॅपेन्टाडॉलमिश्रित गोळ्यांवर 2025 साली केंद्र सरकारला बंदी घालावी लागली.

आपल्याकडील खरा धोका असेल तर तो ट्रॅमाडॉलसारख्या गोळीत आहे. 2018 पासून हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहून डॉक्टरचे व रोग्याचे नाव नोंदवहीत टिपले पाहिजे, असा नियम आहे. पण ऊसतोडणीने मोडलेली कंबर घेऊन येणारा मजूर 'कालचीच गोळी द्या' म्हणतो, आणि तेवढ्यावर ती मिळत असेल, तर तो नियम कागदावरच राहिला म्हणायचा. असली गोळी दारूबरोबर किंवा झोपेच्या औषधाबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. शिवाय ताज्या कंबरदुखीत अफूवर्गीय औषध हे नुसत्या बनावट गोळीहून सरस ठरत नाही, असे ऑस्ट्रेलियातील चाचणीने 2023 साली दाखवले आहे. धोका आहे आणि फायदा नाही, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

म्हणजे जेथे दार उघडे हवे तेथे कुलूप, आणि जेथे कुलूप हवे तेथे दार सताड उघडे! त्यात कवठेमहांकाळ आणि विटा परिसरात 2024 व 2025 साली मेफेड्रोनचे कारखाने उघडकीस आल्याने जिल्ह्यात नशेच्या द्रव्यांविषयी धास्ती आहे. ती रास्तच आहे. परंतु मेफेड्रोन हे वेदनाशामक नव्हे, आणि त्या गुन्हेगारांच्या पापाची शिक्षा अंथरुणास खिळलेल्या रोग्याला होता कामा नये.

करावयाचे ते अवघड नाही. आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयाला मान्यताप्राप्त संस्थेचा दर्जा असावा. तेथील एका डॉक्टरला व दोन परिचारिकांना वेदनाशमनाचे शिक्षण द्यावे. मॉर्फिनचा साठा कुलपात आणि हिशेब चोख ठेवावा. आशा कार्यकर्तीने घरी जाऊन रोग्याची विचारपूस करावी. एका पत्त्याच्या गोळ्यांसाठी मरणासन्न माणसाच्या मुलाला शंभर किलोमीटरवर सांगली-मिरजेच्या खेपा घालाव्या लागू नयेत. त्याच वेळी अन्न व औषध प्रशासनाने ट्रॅमाडॉलच्या नोंदवह्या खरोखरीच तपासाव्यात.

मृत्यू कोणाला चुकलेला नाही. परंतु तळमळत मरणे हे विधिलिखित नव्हे. ते आपल्या हलगर्जीपणाचे फळ आहे, आणि ते टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.