बावीस जूनची सकाळ

जूनची पहिली तारीख उजाडली की हर्णे बंदराचा नित्यक्रम थांबतो. ज्या वाळूवर एरव्ही सायंकाळी मासळीच्या लिलावाची बोली रंगते आणि बैलगाड्या पाण्यात उतरून नौकांवरची मासळी किनाऱ्याला आणतात, तेथे केवळ लाटांचा आवाज उरतो. यांत्रिक नौका आंजर्ल्याच्या खाडीत आडोशाला जातात आणि जाळी दुरुस्तीसाठी पडवीत येऊन पडतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. समुद्राला विश्रांती मिळावी, मासळीला प्रजननाची सवड मिळावी, हा त्यामागील विचार. नेमक्या याच दिवसांत, धो-धो पावसात, २१ जून येतो. शाळेच्या सभागृहात, देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या जातात, आसने होतात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी सतरंज्या पुन्हा माळ्यावर जातात.

हे चित्र एकट्या हर्णेचे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव संमत केला, तेव्हा १७७ देशांनी त्याचे सहप्रस्तावक म्हणून नाव नोंदवले. २०१५ पासून हा दिवस जगभर साजरा होतो आणि त्याचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या देशाने जगाला योग दिला, त्या देशातील घराघरांत बावीस जूनच्या सकाळी काय घडते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. उत्सव आपल्याला जमतो. नित्यकर्म मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात अभ्यास दृढ कसा होतो ते सांगितले आहे. तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरपूर्वक व्हावा, या तीनच अटी त्यांनी घातल्या. शरीर लवचीक असावे, जागा प्रशस्त असावी, सोबत शंभर माणसे असावीत, अशी एकही अट त्यांत नाही. म्हणजे सामान्य गृहस्थाला अशक्य वाटावे असे त्यात काही नाही. अडचण फक्त सातत्याची आहे.

योग गुहेतून माजघरात आणण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, याचे विस्मरण होऊ नये. १९१८ साली श्री योगेंद्र यांनी मुंबईत वर्सोव्याला योग संस्था सुरू केली, ती संसारी माणसासाठी. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेही १९३०च्या दशकात, जेव्हा घरातील स्त्रीने व्यायाम करावा ही कल्पनाच अनेकांना रुचत नव्हती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला आरंभ केला. पुण्यात १९३७ साली आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, घडी घातलेले कांबळे, घराची भिंत अशा साध्या साधनांचा आधार देऊन वृद्धांना आणि दुखणाईतांनाही आसने करता येतात, हे दाखवले.

आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी! राज्यकारभाराचा व्याप सांभाळून या गृहस्थाने सूर्यनमस्काराचा नेम चालवला, तो घरच्या मंडळींना लावला आणि संस्थानातील शाळांतही नेला. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे राजनैतिक अधिकारी म्हणून देशोदेशी गेले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिले. एका घरातला नेम पुढच्या पिढीत असा सहज उतरला. मुलांना उपदेश करून सवय लागत नाही. वडीलधारे रोज काय करतात हे पाहून ती लागते.

हर्णेपासून काही कोसांवरील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. संस्था उभारणीच्या पुष्कळ आधी त्यांनी गावाच्या कामासाठी ‘मुरुड फंड’ उभा केला होता. प्रत्येकाने आपल्या मिळकतीतील लहानसा वाटा नियमाने बाजूला काढायचा, ही त्यामागची कल्पना. रक्कम एवढी थोडी की देणाऱ्याला जड जाऊ नये, आणि नेम एवढा पक्का की त्यातून काम उभे राहावे. १०४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या कोकणी माणसाची ही रीत योगाभ्यासालाही चपखल लागू पडते. दिवसाच्या चोवीस तासांतील पंधरा मिनिटे म्हणजे शंभरातला जेमतेम एक भाग.

सवय लागते कशी, याचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ९६ जणांनी एखादी साधी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करायची, असे त्याचे स्वरूप होते. ती कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही, हेही त्यांनी नोंदवले. हर्णेच्या मासेमारीबंदीचे दिवस ६१. हा योगायोग खराच, पण सूचक आहे. १ जूनला आरंभ करणाऱ्याची सवय नौका पुन्हा समुद्रात जाईपर्यंत बरीचशी मुरलेली असेल. २१ जूनला आरंभ करणाऱ्याने निदान ऑगस्टअखेरपर्यंत चिकाटी धरली पाहिजे. एक दिवस चुकला म्हणजे सारेच बुडाले, ही समजूत तर मनातून काढून टाकली पाहिजे. पहिल्या चुकीने नेम मोडत नाही. तो मोडतो ‘आता सोमवारपासून’ या शब्दांनी!

मग घरी करायचे काय? प्रथम जागा आणि वेळ ठरवावी. देवघरासमोरची, ओटीवरची किंवा माजघरातील चटईभर जागा पुरते. पावसाळ्यात कोकणातली जमीन ओलसर असते, म्हणून खाली जाड सतरंजी किंवा घोंगडी घ्यावी. घड्याळातील वेळेपेक्षा रोज हमखास घडणाऱ्या कृतीशी अभ्यास जोडावा. तोंड धुतल्यावर आणि चहापूर्वी, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले. पोट रिकामे असावे, भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत.

आरंभ ताडासनाने करावा. मग आपल्या गतीने दोन-चार सूर्यनमस्कार, त्यानंतर भुजंगासन, पवनमुक्तासन आणि वक्रासन. शेवटी दोन-तीन मिनिटे शवासन आणि तितकाच वेळ ताठ बसून श्वास न रोखता अनुलोम-विलोम. एवढे पंधरा-वीस मिनिटांत होते. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, त्यांनी खुर्चीवर बसून हात, मान, कंबर हलवावी. तोही अभ्यासच आहे. आसने एकदा जाणत्या शिक्षकाकडून शिकून घ्यावीत. पडद्यावर पाहून शिकताना चूक दाखवणारे कुणी नसते.

‘आम्ही दिवसभर कष्ट करतो, आम्हाला योग कशाला?’ हा प्रश्न किनाऱ्यावरच्या गावात विचारला जाणारच, आणि तो रास्त आहे. परंतु जाळे ओढणारा पुरुष आणि मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसणारी स्त्री, दोघेही तासन् तास पुढे वाकलेली असतात. कष्टाने शरीर राबते, पण ते एकाच दिशेने राबते. त्याला उलट दिशेचा ताण आणि नंतर खरी विश्रांती अभ्यासातून मिळते. जुनाट कंबरदुखीवर औषधांपूर्वी ज्या उपायांचा विचार करावा, त्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत योगाचा समावेश केला आहे. खुर्चीत बसून काम करणाऱ्या नोकरदाराची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस करते. रोजच्या पंधरा मिनिटांचे होतात १०५. म्हणून त्याने योगाबरोबर चालण्यालाही वेळ काढावा.

अतिरंजित दावे करणारे योगाचे हितचिंतक नव्हेत. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने आसने सुरू केली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याविना कपालभाती, श्वास रोखणे किंवा डोके खाली करण्याची आसने करू नयेत. योगाची प्रतिष्ठा चमत्कारांवर अवलंबून नाही.

आता एक गोष्ट थोडी कटू, पण बोललीच पाहिजे. आपल्या घरांत योगाभ्यास बहुधा कर्त्या पुरुषाचा असतो. तो चटईवर बसलेला असताना घरातील गृहिणी चुलीपाशी असते. ती सर्वांत आधी उठते, सर्वांत शेवटी टेकते आणि तिच्या गुडघ्यांची तक्रार ‘वयोमानाप्रमाणे’ या एका शब्दात मिटवली जाते. समाजकार्यासाठी घराबाहेर वेळ देणारा कार्यकर्ता स्वतःच्या घरी तिला पंधरा मिनिटे देऊ शकत नसेल, तर त्याच्या योगनिष्ठेत काहीतरी उणे आहे. सकाळचा चहा दुसऱ्या कुणी टाकावा, मुलांचे डबे आदल्या रात्री अर्धे तयार असावेत, एवढी व्यवस्था झाली तरी घरचा योग खऱ्या अर्थाने घराचा होईल. योगात यम-नियम आसनांच्या आधी येतात, ते उगाच नव्हे.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर हर्णे परिसराने एकदा अनुभवले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर घरांची कौले-पत्रे उडाले, माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. अवघ्या अठरा दिवसांनी योगदिन आला आणि महामारीमुळे त्या वर्षीचे आवाहन होते, योग घरीच करा! ज्यांच्या घरावर छप्पर उरले नव्हते, त्यांना त्या दिवशी आसने शिकवायला जाणे हा उद्धटपणा ठरला असता. त्या वेळी हवी होती ताडपत्री, कौले आणि मदतीचे हात. परंतु ते हात पुरे पडायचे, तर पाठीला कणा हवा आणि मनाला स्थैर्य हवे. ते संकटाच्या दिवशी मिळवता येत नाही. त्याची तयारी साध्या, निवांत सकाळी होत असते.

हर्णेच्या किनाऱ्यावरून समोर सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश होऊन तो जागतिक वारसा यादीत गेला, याचा आनंद साऱ्यांनाच झाला. पण ज्या काळी तो खऱ्या अर्थाने राखला जात होता, त्या काळी त्याचे रक्षण नुसत्या तटबंदीने होत नव्हते. भर पावसात, शत्रूचे गलबत नजरेच्या टप्प्यात नसतानाही जो पहारा बदलत राहिला, त्याने ते होत होते. शरीर हाही गडच आहे आणि त्याचा पहारा रोजचा आहे. एकवीस जूनला सारे जागे असतात. बावीस जूनला सकाळी आपल्या घरात सतरंजी पुन्हा अंथरली जाते का, आणि तिच्यावर घरातील प्रत्येकाला जागा मिळते का, एवढेच ज्याने त्याने पाहावे.