क्लॅम्प सुटण्याआधी प्रोब जागेवर हवा

यकृत प्रत्यारोपणात भूलतज्ज्ञाची खरी कसोटी लागते ती पोर्टल व्हेनवरचा क्लॅम्प सुटतो तेव्हा. नव्या यकृतातून थंड, आम्लयुक्त, पोटॅशियमने भरलेले रक्त थेट उजव्या हृदयात येते. पहिल्या पाच मिनिटांत सरासरी रक्तदाब 30 टक्क्यांहून अधिक उतरून निदान मिनिटभर तसाच राहिला, की आपण रिपर्फ्युजन सिंड्रोम म्हणून मोकळे होतो. दाब का पडला, हे त्यातून कळत नाही. रक्त कमी पडले असेल, उजवे हृदय फुगून थकले असेल, फुप्फुसाकडे गुठळी गेली असेल किंवा डाव्या व्हेंट्रिकलचा बहिर्मार्ग आवळला असेल. आर्टेरियल लाइनवर चारही वेळा दिसतो तो फक्त पडलेला दाब. उपचार मात्र परस्परविरोधी. थकलेल्या उजव्या हृदयावर सलाइनचा मारा केला तर ते आणखी फुगते. बहिर्मार्ग आवळलेला असताना अॅड्रेनालिन दिले तर तो अधिकच आवळतो. सीव्हीपीचा आकडा इथे कामाचा नाही. अन्ननलिकेत टीईई प्रोब असेल, तर काही क्षणांत उत्तर डोळ्यांपुढे येते.

दाब किती पडतो, हे दात्यावरही अवलंबून असते. 2008 पासून तमिळनाडूने मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप सरकारी देखरेखीखाली शिस्तीने चालवले आणि चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयातही यकृत प्रत्यारोपण होऊ लागले. मेंदूमृत दात्याचे यकृत बर्फात कित्येक तास राहते, म्हणून रिपर्फ्युजनचा धक्काही मोठा बसतो. देशातली बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृतावर होतात. तिथे हा धक्का सहसा सौम्य असतो. गुठळी मात्र दाता कोण हे पाहून होत नाही.

व्हॅरिसेसची भीती आपल्याला सर्वात जास्त अडवते. ती निराधार नाही, पण प्रमाणाबाहेर आहे. सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत टीईई केल्यानंतर गंभीर रक्तस्राव क्वचितच झाल्याचे प्रकाशित अनुभव सांगतात. नुकताच रक्तस्राव किंवा बँडिंग झालेले असेल, तर पोटविकारतज्ज्ञांशी बोलूनच निर्णय घ्यावा. एरवी भरपूर जेली लावावी, प्रोब रेटू नये, टोक लॉक करू नये. मधल्या अन्ननलिकेतली दृश्ये बहुतेक प्रश्नांना पुरतात; जठरात उतरण्याचा मोह टाळावा. शस्त्रक्रिया तासन्तास चालते, म्हणून पाहायचे नसेल तेव्हा इमेज फ्रीज करावी, नाहीतर टोक तापते.

यंत्रापेक्षा माणूस तयार होणे अवघड आहे. अडचणीच्या रात्री पहिल्यांदा प्रोब हाती घेणाऱ्याला थकलेले उजवे हृदय ओळखता येणार नाही. म्हणून हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत आपल्या निवासी डॉक्टरांची नियमित पाळी लागली पाहिजे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आणि इकोचे मशीनही पीसीपीएनडीटी कायद्याच्या नोंदणीतून सुटत नाही. तेव्हा प्रत्यारोपणाच्या परवानगीचा अर्ज करतानाच ओटीतल्या मशीनच्या नोंदणीचाही अर्ज करून टाकावा.