विषाची परीक्षा आणि परीक्षेची परीक्षा

यंत्र खोटें बोलत नाहीं, असें आमचे विद्यार्थी मोठ्या विश्वासानें म्हणतात. पालकांचाहि समज बहुधा असाच असतो. न्यायवैद्यकांतील विषपरीक्षेचा इतिहास पाहिला असतां आम्हांस मात्र तो मान्य करवत नाहीं.

इ. स. १८३३ सालीं इंग्लंडांत जॉन बोडल नामक तरुणावर आजोबांस कॉफींतून सोमल दिल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनज्ञानें सोमलाचा पिवळा साका पाडला. परंतु ज्यूरीपुढें येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. पुढें त्यानें गुन्हा कबूल केला! मार्शनें मग नवी कसोटी शोधून १८३६ सालीं प्रसिद्ध केली. संशयित पदार्थांत जस्त व आम्ल घालावयाचें, निघणारा वायु पेटवावयाचा आणि ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरावयाची. सोमल अत्यल्प असला तरी बशीवर काळा, चकचकीत डाग उमटतो.

पण जस्तांत व आम्लांतहि पुष्कळदां सोमल असे. १८४० सालीं फ्रान्सांत मारी लाफार्ज हिच्यावर पतीस विष घातल्याचा आरोप आला, तेव्हां स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळेनात. पॅरिसहून आलेल्या ऑर्फिला यांनीं प्रेतांत सोमल दाखविला. शिवाय आपलीं रसायनें व दफनभूमीची मातीहि तपासली. ती स्त्री दोषी ठरली; वाद मात्र शमला नाहीं. तरी माती तपासण्याची ही दक्षता आम्हांस त्या डागाहून अधिक मोलाची वाटते.

आजचीं मास स्पेक्ट्रोमेट्रीचीं यंत्रें ग्रॅमच्या अब्जांशाइतकें द्रव्यहि ओळखितात. अशा सूक्ष्म दृष्टीस निरुपद्रवी वस्तूहि दिसूं लागते. आमच्या अनारशांवरील खसखशीनेंसुद्धां मूत्रांत मॉर्फिन सांपडूं शकतें! याच कारणास्तव अमेरिकेंत सरकारी नोकरांच्या तपासणीची मर्यादा १९९८ सालीं मिलिलिटरास ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेण्यांत आली.

टोरंटोची हकीकत याहून दुःखद आहे. तेथील मुलांच्या रुग्णालयाची एक प्रयोगशाळा केसांवरून आईबापांच्या व्यसनाविषयीं अहवाल देई. अधिक अचूक यंत्रें उपलब्ध असतां तिनें बरींच वर्षें पहिली ढोबळ चाचणीच पुरेशी मानली, आणि न्यायालयांनीं तिच्यावर विश्वास ठेविला. २००५ ते २०१५ या काळांतील त्या चाचण्या भरंवशाच्या नव्हत्या, असें २०१५ सालच्या चौकशींत ठरलें. पुढें १,२७१ प्रकरणें तपासलीं गेलीं; त्यांपैकीं ५६ प्रकरणांच्या निकालांवर या चाचण्यांचा मोठा परिणाम झाला होता, असें २०१८ सालच्या अहवालांत नमूद आहे. आईपासून दूर केलेलीं त्यांतील थोडींच मुलें घरीं परतलीं.