घडणीचा दागिना आणि पडद्यावरची पेढी

लग्नसराई जवळ आली की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : नथ कोठे घडवावी? आमच्या ग्वाल्हेरीत सराफांची उणीव नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या लष्कर भागात महाराजबाड्याजवळचा सराफा बाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि ठुशी, तन्मणी, चिंचपेटी ही नावे ऐकताच घाट डोळ्यांपुढे येईल असा कारागीर प्रत्येक पेढीवर लाभेलच, असे नाही. रायपूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांची अडचणही याहून निराळी नसावी. अशा कुटुंबांना मागणीबरहुकूम दागिने घडवून देणारे ऑनलाइन दुकान मोठा आधार होऊ शकते. प्रश्न एवढाच, की ते दुकान कसे उभारावे आणि ग्राहकाने ते कसे पारखावे?

ऑनलाइन दागिने ही आता नवलाई राहिलेली नाही. ‘कॅरटलेन’ २००८ साली सुरू झाली आणि २०१६ साली टाटा समूहातील टायटन कंपनीने तिच्यात बहुसंख्य भाग घेतला. पण तयार दागिना विकणे निराळे आणि घडवून देणे निराळे. तयार माल विकणारा वस्तू दाखवून पैसे घेतो; घडणीचा दुकानदार वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीच पैसे घेतो. तो विकतो ते वचन! म्हणून अशा दुकानाची सारी रचना वचन स्पष्ट करण्यासाठी असली पाहिजे.

पहिले वचन मापाचे. बांगडीचे ‘२-६’ हे माप म्हणजे आतला व्यास २ इंच आणि वर इंचाचे ६ सोळांश, सुमारे ६०.३ मिलिमीटर. हे किती घरांत ठाऊक असते? चांगल्या दुकानाने माप नुसते विचारू नये. हातातली जुनी बांगडी पट्टीवर ठेवून ते कसे घ्यावे, हेही सांगावे. अंगठीचे माप माघातल्या पहाटे दिले, तर ज्येष्ठात बोट सुजून ती रुतणारच. नथीसाठी नाक टोचलेले आहे की चापाची नथ हवी, हे आधी विचारावे. ठुशी मागच्या दोरीने सैल-घट्ट करता येते. पाटलीला ती सोय नाही.

दुसरे वचन घाटाचे. आज संगणकावर त्रिमिती आकृती काढतात, तिच्यावरून मेणाचा नमुना होतो, त्याभोवती साचा बांधून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत सोन्याचा रस ओततात. अंगठीला ही रीत उत्तम. परंतु ठुशी बारीक मण्यांच्या गुंफणीतून आणि नथ तारेत ओवलेल्या मोत्यांतून साकारते. तेथे कारागिराच्या बोटांवाचून गत्यंतर नाही. शिवाय पडद्यावर नखाएवढी नथ तळहाताएवढी दिसते. म्हणून चित्राशेजारी नाणे किंवा पट्टी ठेवलेली असावी, खडे बसविण्यापूर्वीचे छायाचित्र ग्राहकाकडे यावे आणि त्याची लेखी संमती घेऊनच पुढचे काम व्हावे.

तिसरे वचन वजनाचे व दामाचे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक आमच्या वडीलधाऱ्यांना मुखोद्गत असे. त्या तोळ्याचे आज सुमारे ११.६६ ग्रॅम होतात. मोती आणि खडे सोन्यात तोलले, तर मोत्यालाही सोन्याचा भाव पडतो. तेव्हा एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, खड्यांचे वजन, घडणावळ, घट आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर हे सारे स्वतंत्र ओळींत मांडलेले असावे. २० ग्रॅमच्या २२ कॅरट दागिन्यात शुद्ध सोने सुमारे १८.३३ ग्रॅम असते, हा हिशेब घरी मुलांकडूनच करवून घ्यावा! भाव मागणीच्या दिवसाचा की पाठवणीच्या दिवसाचा, हेही आधीच ठरावे. घडणीला महिना लागला, तर तेवढ्यात भाव कोठच्या कोठे जातो.

चौथे वचन कसाचे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो पडताळता येतो. मात्र २ ग्रॅमहून हलक्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना या सक्तीतून सूट आहे. हलकी नथ नेमकी येथेच निसटू शकते. तिच्या बाबतीत पावतीवरचा शब्द हाच कस.

आणि वचन मोडले तर? ई-वाणिज्याच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार दुकानाने तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दाखवावा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याच्या आत निवारण करावे, असे बंधन आहे. परतीच्या अटीही मागणीपूर्वीच दिसल्या पाहिजेत. या गोष्टी जेथे सापडत नाहीत, त्या दुकानाचा उंबरा ओलांडू नये.

कारागिरालाही आमचे सांगणे आहे. लष्करातल्या एखाद्या गल्लीत बसून त्याने अशी पडद्यावरची पेढी उघडली, तर दूरदूरच्या मराठी घरांपर्यंत त्याचा हात पोहोचेल. त्याने दागिन्यांची नावे मराठीत लिहावीत. ‘गळ्यालगतचा हार’ असे लिहिले की ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी यांतला भेदच पुसला जातो.

आमच्या वाचक-भगिनींना शेवटी एक आग्रहाची विनंती. आजीची ठुशी झिजली म्हणून मोडीत घालण्याची वेळ आली, तर आधी तिची पुढून-मागून, पट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. नाव, वजन, लांबी, मण्यांची संख्या व फासा कसा आहे, हे वहीत नोंदवावे. सोने वितळून पुन्हा सोनेच मिळते. घाट मात्र एकदा गेला की परत येत नाही. ती वही हाताशी असली, तर नातीच्या लग्नात कोणत्याही गावचा कारागीर तीच ठुशी पुन्हा घडवू शकेल.