डुलकी पकडणारे यंत्र आणि उसाची खेप

दौंडहून सोलापूरकडे निघालेली रात्रीची गाडी भिगवण सोडते, उजनीच्या फुगवट्यावरचा पूल ओलांडून करमाळा तालुक्यात शिरते आणि पारेवाडी, जेऊर करत कुर्डुवाडीकडे जाते. इंजिनात बसलेल्या चालकाने साठ सेकंदांत काहीच केले नाही, म्हणजे वेग बदलला नाही, शिटी दिली नाही, ब्रेकला हात लावला नाही, तर त्याच्यासमोर एक दिवा लुकलुकू लागतो. तिकडेही लक्ष गेले नाही तर आठेक सेकंदांनी भोंगा वाजतो. भोंग्यालाही उत्तर आले नाही तर गाडी आपणहून ब्रेक लावते आणि थांबते. रेल्वेने चालकाच्या डुलकीवर काढलेला हा उपाय जुना आहे. त्याच्या मागे कामाच्या तासांची नोंदवही असते आणि ड्युटी संपली की पाठ टेकायला रनिंग रूम असते.

त्याच वेळी, त्याच पाण्याच्या काठाने, कंदर, वांगी, चिखलठाण या गावांच्या रस्त्यांवरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात. यातले कित्येक चालक आदल्या सकाळपासून जागे असतात. झोप उडवायला त्यांच्याकडे दोनच साधने: मळलेली तंबाखू आणि टेपचा दणदणाट. गावकरी त्या आवाजाला वैतागतात. चालकाला विचारले तर तो सांगतो, टेप बंद केला की डोळे मिटतात.

हे आठवायचे कारण म्हणजे चालकाची झोप ओळखणाऱ्या यंत्रांची सध्या बरीच चर्चा आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा अधिसूचना काढली. मोठ्या बस आणि मालट्रकमध्ये चालकाला झापड आली की इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करावी, असे त्यात सुचवले होते. युरोपीय संघाने असा नियम नव्या धाटणीच्या वाहनांना जुलै २०२२ पासून आणि विक्रीला येणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला जुलै २०२४ पासून लागू केला. आपल्याकडे महागड्या मोटारींत ही सोय आलेली आहेच. पाऊल योग्य आहे, त्याचे स्वागत व्हावे. पण उजनीच्या काठावर उभे राहून पाहिले तर या यंत्रांच्या मर्यादा लगेच दिसू लागतात.

आधी ती चालतात कशी ते पाहू. सगळ्यात स्वस्त प्रकार कानामागे अडकवायचा. मान पुढे झुकली की कानात गजर होतो. अडचण अशी की मान पडते तेव्हा माणूस आधीच झोपलेला असतो, आणि काही जण मान ताठ ठेवून उघड्या डोळ्यांनी पेंगतात. दुसरा प्रकार स्टिअरिंगवर नजर ठेवतो. जागा माणूस चाक सतत थोडे थोडे सावरत असतो. पेंगुळलेला माणूस काही क्षण चाक तसेच सोडतो आणि मग दचकून झटका देतो. ही लय ओळखून यंत्र कॉफीच्या कपाचे चित्र दाखवते. तिसरा, सर्वांत भरवशाचा प्रकार म्हणजे चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा. अंधारात दिसावे म्हणून तो अवरक्त किरण वापरतो आणि एका मिनिटात किती वेळ पापण्या जवळजवळ मिटलेल्या होत्या, याचा हिशेब ठेवतो. पापण्यांची उघडझाप मंदावणे ही झोपेची खूण जांभईपेक्षा जास्त खात्रीची मानली जाते. काळा चष्मा किंवा चेहऱ्यावर पडणारे मावळतीचे ऊन यामुळे कॅमेराही चकतो, पण एकंदरीत तो कामाचा आहे.

आता मर्यादा. युरोपच्या नियमानुसार ही यंत्रणा ताशी ७० किलोमीटरच्या वर काम करणे अपेक्षित आहे. म्हणजे ती पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण, पळसदेव, इंदापूर, टेंभुर्णी या टप्प्यातल्या मोटारीला आणि बसला उपयोगी. कंदरची केळी घेऊन रात्री मुंबईच्या बंदराकडे निघालेल्या कंटेनरलाही उपयोगी. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला तिचा काही उपयोग नाही. आपल्याकडच्या मसुद्यातही बस आणि ट्रक आहेत, ट्रॅक्टर नाही. या काठावर सर्वांत कमी झोपलेला चालक कुठल्याच यंत्राच्या आणि नियमाच्या नजरेत नाही.

हळू चालणारे वाहन म्हणजे धोका कमी, असे वाटणे साहजिक आहे. गणित करून पाहावे. झोप अनावर झाली की मेंदू दोन-चार सेकंदांसाठी बंद पडतो, डोळे कधीकधी उघडेच असतात. याला क्षणझोप म्हणू. ताशी ८० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी ८९ मीटर जाते. ट्रॅक्टर ताशी २० ने तेवढ्याच वेळात २२ मीटर जातो. २२ मीटर म्हणजे रस्ता सोडून चारीत उतरायला किंवा वळणावरच्या टपरीत शिरायला पुरेसे अंतर, आणि मागे दोन ट्रॉल्यांतला टनावारी ऊस. शिवाय महामार्गावर झोप दोन्ही बाजूंना असू शकते. पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॉली आणि मागून पंढरपूर किंवा अक्कलकोटचे दर्शन एका रात्रीत उरकून ड्युटीवर हजर होऊ पाहणारी मोटार. त्या मोटारीतल्या चालकाची क्षणझोप आणि ट्रॉलीचा अंधार एकत्र आले की काय होते, ते सांगायला नको.

झोपेशी इच्छाशक्तीने लढता येते, हा समज चालकांत आणि मालकांतही खोल रुजलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक साधी तुलना प्रसिद्ध केली. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे कसब रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते, २४ तास जागल्यावर ते ०.१ टक्क्याच्या पातळीला येते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे चारला उठून रात्री नऊला पुन्हा खेपेला निघालेला चालक, थेंबभरही न घेता, मद्यपी ठरण्याच्या रेषेपलीकडे गेलेला असतो. फरक इतकाच की फुंकर मारून झोप मोजणारे यंत्र पोलिसाकडे नाही. त्यात शरीराचे घड्याळही उलटे चालते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेचा जोर वाढतो, रात्री पुरेशी झोप झालेल्यालाही दुपारची झापड चुकत नाही.

खिडकी उघडणे, तोंडावर पाणी मारणे, मिरची चावणे, टेप मोठा करणे हे उपाय सर्वांना माहीत आहेत. यातले गार वारा आणि रेडिओ हे दोन ब्रिटनमधल्या हॉर्न आणि रेनर या संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासले. परिणाम जेमतेम आणि तोही थोडाच वेळ टिकणारा निघाला. खरा उपयोग झाला तो दोनच गोष्टींचा: कॅफिन आणि पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, आणि त्याही एकापाठोपाठ. आधी कॉफी प्यायची आणि लगेच आडवे व्हायचे. कॅफिन अंगात भिनायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते. मात्र प्रयोगात दिलेले कॅफिन १५० ते २०० मिलिग्रॅम होते, टपरीवरच्या कटिंगमध्ये त्याचा लहानसा हिस्सा असतो. चहा पिऊन लगेच स्टिअरिंगवर बसणाऱ्याला त्या चहाने नव्हे, तर थांबून केलेल्या गप्पांनी चार मिनिटे बरे वाटते. डुलकीही अर्ध्या तासाच्या पुढे लांबली तर उठल्यावर डोके जड होते. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मगच निघावे.

एक गोष्ट डॉक्टरांनी चालकांना आवर्जून विचारायला हवी: घोरता का? जाड मान, मोठे पोट, जोराचे घोरणे आणि मध्येच श्वास अडकून दचकणे, ही झोपेतल्या श्वासरोधाची लक्षणे आहेत. असा माणूस आठ तास झोपला तरी दिवसभर पेंगतो, आणि ते त्याला वयाचे किंवा जेवणाचे वाटते. तपासणीने निदान होते, उपचारही आहेत. चालकांच्या आरोग्य शिबिरात डोळे आणि साखर तपासली जाते. घोरण्याची चौकशी सहचारिणीकडे करावी लागते, म्हणून ती राहून जाते.

झोपेमुळे किती अपघात होतात, याचा नीट आकडा आपल्याकडे नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्या वर्षीच्या सरकारी अहवालात नियमभंगाच्या रकान्यांत अतिवेग आहे, मद्य आहे, उलट्या दिशेने जाणे, सिग्नल तोडणे, मोबाइल आहे. झोपेचा रकाना नाही, ती 'इतर'मध्ये जाते किंवा अतिवेगात मिसळते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. मग सरळ रस्त्याच्या गुंगीपासून अनेक कारणांची चर्चा राज्यभर झाली. टायरचे तुकडे तपासता येतात. चालक किती तास जागा होता, हे शोधायला मात्र कुठे नोंदच नसते.

म्हणूनच यंत्राचा खरा प्रश्न गजर वाजल्यानंतर सुरू होतो. गजर सांगतो, थांब. चालकाला थांबण्याची मुभा आहे का? रेल्वेच्या चालकाला ती व्यवस्थेने दिलेली आहे. तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या काही पंपांवर मालट्रकचालकांसाठी 'अपना घर' नावाने विश्रांतीची सोय सुरू केली, तेही चांगले झाले. उसाच्या वाहतुकीत मात्र सगळी रचनाच जागे राहण्याची आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतारा उतरतो, म्हणून तो लवकर गव्हाणीत पडायला हवा. कारखाना चोवीस तास चालतो. ठेकेदाराने घेतलेली उचल टनावर फिटते, म्हणून खेपा वाढवायच्या. कारखान्यावर पोहोचल्यावर नंबर लावून वाहनतळावर तासन्‌तास थांबायचे. या थांबण्यात झोप व्हावी, पण रांग दर थोड्या वेळाने पुढे सरकते आणि झोपलेल्याचा नंबर जातो. मग चालक ट्रॉलीखाली अंथरूण टाकतो आणि एक डोळा उघडा ठेवतो. रिकामी ट्रॉली घेऊन तो पुन्हा फडाकडे निघतो, ती खेप सर्वांत धोक्याची. कायद्याने वाहतूक कामगाराला दिवसाला आठ तासांची आणि सलग पाच तासांनंतर विश्रांतीची मर्यादा १९६१ मध्येच घालून दिली. ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होती, एका ट्रॅक्टरच्या मालकापर्यंत ती पोहोचलीच नाही.

नागपुरात महापालिकेच्या बसवर २०२१ पासून 'आयरास्ते' प्रकल्पात टक्कर टाळण्याचा इशारा देणारे कॅमेरे बसवले गेले. त्यात हैदराबादची आयआयआयटी आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्थाही होती. त्यातली एक बाब घेण्यासारखी आहे. इशारे कुठे वारंवार वाजतात हे पाहून रस्त्यावरच्या धोक्याच्या जागा शोधायच्या, असा त्या नोंदींचा वापर होता. झोपेच्या कॅमेऱ्याच्या नोंदी पगार कापायला वापरल्या, तर चालक पहिल्याच आठवड्यात त्यावर चिकटपट्टी लावेल.

महामार्गाच्या कडेला खडबडीत पट्ट्या आखल्या की चाक त्यावर गेल्याबरोबर गाडी थरथरते आणि पेंगलेला चालक जागा होतो. कॅमेऱ्याच्या मानाने हा उपाय फारच स्वस्त, आणि तो जुन्या गाडीलाही जागे करतो, गरिबाच्या गाडीलाही. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम दर हंगामाच्या सुरुवातीला फोटोसह होतात. ते जानेवारीत, चिखल आणि पाचटाने झाकले गेल्यावर, पुसण्यासाठीही व्हावेत.

पण काठावरच्या साखर कारखान्यांकडे झोप ओळखणारे एक यंत्र आधीपासून आहे आणि त्याला कॅमेरा लागत नाही. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेची नोंद होते: वाहनाचा क्रमांक, भरलेले वजन आणि त्याची वेळ, रिकामे वजन आणि त्याची वेळ. ही माहिती संगणकात असते. एखादा ट्रॅक्टर किती तास सतत धावतो आहे, हे त्यातून एका मिनिटात कळेल. रांगेचा नंबर मोबाइलवर देता येतो, म्हणजे वाहनतळालगतच्या शेडमध्ये चालकाला तीन तास निर्धास्त झोपता येईल आणि पाळी आली की फोन वाजेल. दुसऱ्या चालकाशिवाय रात्रीची दुसरी खेप घेणार नाही, असे कराराच्या कागदात लिहिता येते. त्यासाठी काट्याच्या पावतीवर वाहनाच्या क्रमांकाशेजारी चालकाच्या नावाचा एक रकाना वाढवावा लागेल.