परमा : औषधांना न जुमानणारा रोग

काही रोगांचे नावही घरात काढले जात नाही. परमा हा त्यांपैकी एक. परंतु हे मौन आता महाग पडू लागले आहे.

या रोगाचे जंतू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधून काढले. १९३५ नंतर सल्फा औषधे आली व थोड्याच वर्षांत निष्प्रभ ठरली. मग पेनिसिलिन आले. त्याची मात्रा उत्तरोत्तर वाढवावी लागली आणि १९७६ मध्ये तर पेनिसिलिनचाच नाश करणारे जंतू आढळले. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनचीही तीच गत झाली. आज मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनावर आहे; पण त्यालाही दाद न देणारे जंतू २००९ मध्ये जपानातील क्योटो येथे सापडले.

असे का व्हावे? औषधाची मात्रा अपुरी पडली की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय हे जंतू घशातील इतर जंतूंकडूनही प्रतिकाराचे गुण उचलतात.

म्हणूनच दुकानातून गुपचूप गोळ्या आणणारा पती स्वतःचीच फसवणूक करतो. पत्नीला पुष्कळदा कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत. रोग मात्र आत वाढत राहतो. त्यातून वंध्यत्व येऊ शकते. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना संसर्ग होऊन दृष्टीही जाऊ शकते.

तेव्हा संशय येताच पतिपत्नींनी डॉक्टरांकडे जावे, दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत आणि त्रास न थांबल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी. क्षणभराच्या संकोचापायी उद्याच्या बाळाची दृष्टी पणाला लावू नये.