‘टाइम’ झाला, पण कोणता?

अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांतून एक वाक्य दिवसांतून दहा वेळां ऐकूं येतें: “टाइम झाला.” याचा अर्थ काय, असें विचारल्यास पुष्कळांस हंसूं येईल, पण त्यांनीं क्षणभर थांबून उत्तर देऊन पाहावें. निघण्याचा क्षण आला, असा तो अर्थ आहे, कीं निघावयास उशीर झाला, असा? वाक्यावरून उलगडा होत नाहीं.

मराठीस हा घोटाळा ठाऊक नव्हता. ‘वेळ’ हा शब्द ती दोन लिंगांत चालविते, आणि ती केवळ व्याकरणाची लहर नसून अर्थभेदाची व्यवस्था आहे. ‘तो वेळ’ म्हणजे खर्च होणारा, मोजतां येणारा काळ. ‘ती वेळ’ म्हणजे नेमका प्रसंग. ‘वेळ झाला’ म्हणजे उशीर झाला; ‘वेळ झाली’ म्हणजे घटका येऊन ठेपली. पेरणीला वेळ लागला, तर मजुरी वाढते. पेरणीची वेळ टळली, तर वऱ्हाडांतील कोरडवाहू कापसाचा हंगामच हातचा जातो. ‘टाइम’ मात्र सदैव पुल्लिंगी. त्यानें हीं दोन्ही खातीं एकत्र करून टाकलीं.

यावर आमचे मित्र आम्हांस सोंवळे म्हणतील. ‘वक्त’, ‘हंगाम’, ‘मुदत’, ‘फुरसत’ हे शब्द तरी घरचे आहेत काय, असा त्यांचा सवाल असतो. नाहींत, ते अरबी-फारसीच्या वाटेनें आले, आणि ‘मिनिट’, ‘सेकंद’ इंग्रजींतून. त्यांस हांकलून द्या, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. 24 मिनिटांची घटका आणि 24 सेकंदांचें पळ मोजणाऱ्या समाजास घड्याळाबरोबर निराळें माप मिळालें; माप नवें, म्हणून शब्द नवा. हे पाहुणे रिकाम्या हातांनीं आले नाहींत. ‘टाइम’नें काय आणलें?

रेल्वेनें काटेकोरपणा आणला आणि त्याबरोबर हा शब्द आला, असें उत्तर मिळतें. वऱ्हाड ओलांडून रेल्वे 1867 सालीं नागपुरास पोंचली, हें खरें. 1906 पासून 82½ अंश पूर्व रेखांशावरील वेळ देशाची म्हणून ठरली, हेंही खरें. सूर्याच्या सरासरी गतीचा हिशेब धरल्यास अमरावती तिच्या सुमारें 19 मिनिटें मागें आहे, आणि अकोला सुमारें 22. पण इतकी सूक्ष्म कल्पना सांगतांना मराठीनें ‘टाइम’पुढें हात पसरला नाहीं. तिनें ‘प्रमाणवेळ’ आणि ‘स्थानिक वेळ’ हे शब्द घडविले, आणि दोन्ही नेमके स्त्रीलिंगी. गाड्यांच्या तक्त्यास तिनें ‘वेळापत्रक’ म्हटलें. शास्त्राची नड जिनें भागविली, तिला जेवणाची वेळ सांगतांना मात्र शब्द अपुरा पडावा?

बरें, बळी एकट्या ‘वेळे’चा जात नाहीं. ‘टाइम नाहीं’ या दोन शब्दांखालीं सवड, उसंत, अवकाश, मुदत हीं सारीं गाडलीं जातात. “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,” ही म्हण घ्या. मृत्यूच्या दारांतून परतलेल्या माणसाविषयीं एवढ्या थोड्या शब्दांत याहून अधिक काय सांगतां येईल? आतां हीच म्हण ‘टाइम’ घालून म्हणून पाहा: टाइम आला होता, पण टाइम आला नव्हता!

हा भेद पुस्तकानें शिकवितां येणार नाहीं. लिंगभेद मूल व्याकरणाच्या तासाला नव्हे, स्वयंपाकघरांत शिकतें. तेथें तो त्याच्या कानीं पडला नाहीं, तर पुढच्या पिढीला ही म्हण समजावून सांगावी लागेल, आणि समजावून सांगावी लागणारी म्हण मेलीच म्हणावयाची. बाजारांत वा स्टेशनावर कोणीं काय बोलावें, हा आमचा अधिकार नव्हे. आमची विनंती घरापुरती आहे. मूल दप्तर घेऊन निघालें, कीं त्याला ‘शाळेची वेळ झाली’ म्हणावें. आणि सायंकाळीं तें उशिरा परतलें, तर ‘फार वेळ झाला रे’ म्हणावें. एवढ्यानें त्याचें व्याकरण आपोआप पुरें होईल.